गोळी लागल्यानंतर

दिवाळी अंक म्हटला की त्यात एक तरी शिकारकथा हवीच, असा एक काळ होता. मचाण, पिठूर चांदणे, खाली बांधलेला बोकड, दूरवर भेकराचे ओरडणे आणि शेवटी 'धाड्' असा आवाज! त्या एका आवाजासरशी वाघ संपे, कथा संपे आणि वाचक पान उलटून पाककृतींकडे वळे. या कथांनी आपणां मराठी वाचकांच्या मनात एक समजूत मात्र पक्की रुजवली, ती ही की, गोळी लागली म्हणजे जनावर मेले.

हीच समजूत आज जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा या गावी पारावर आणि दूध डेअरीच्या रांगेत ऐकू येते. इथला वाघ कथेतला नव्हे, उसातला आहे. (बिबट्याला या भागात सरसकट वाघच म्हणतात.) कुकडीच्या कालव्यांचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. दाट, गार आसरा आणि भोवताली कुत्री, शेळ्या, कोंबड्या. त्याला आणखी काय हवे? माद्या पिले घालतात त्याही उसातच.

"सर, तुम्ही शिकल्याली माणसं," एक वयोवृद्ध बाबा मला परवा म्हणाले, "सरकारला येवढं लिहून कळवा. पिंजरा नको, इंजेक्शन नको. घरटी एक बंदूक द्या. एक बार काढला का वाघ आडवा!"

बाबांचा राग खोटा नाही. वीज रात्रीची असली की उसाला दारे धरायला रात्रीच जावे लागते आणि माणूस परत येईपर्यंत घरात कोणाचा डोळा लागत नाही. तिन्हीसांजेला लेकराला अंगणात सोडायची सोय उरलेली नाही. 'वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो' ही आपल्याकडे नुसती म्हण आहे. त्यांच्याकडे ती रोजची चिंता आहे. तेव्हा बाबांना हसण्यावारी न नेता, त्यांचा तो 'एक बार' नेमके काय करतो, हे पाहणे बरे.

गोळी आणि गोळी यांत फार अंतर असते. जुनी ठासणीची बंदूक घ्या. तिच्यातून मऊ शिशाचा गोळा सुटे. बारा बोअर म्हणजे तरी काय? एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे गोळा सुमारे अडतीस ग्रॅमचा! जड खरा, पण त्याचा वेग बेताचा आणि पन्नास-साठ पावलांपुढे नेमाचा भरवसा नाही.

१८८६ साली फ्रान्सच्या सैन्याने धूर न होणारी दारू वापरात आणली आणि सारेच बदलले. गोळी लहान झाली, वेग दुपटीच्या घरात गेला. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. पण या वेगाला उघडे शिसे नळीतच खरवडून निघे. म्हणून गोळीला कठीण धातूचे वेष्टन आले. अशी पूर्ण वेष्टनाची गोळी अंगातून सुईसारखी आरपार जाते. यावर कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात १८९६-९७ च्या सुमारास तोड निघाली. गोळीच्या टोकाचे शिसे उघडेच ठेवले. अशी गोळी अंगात शिरताच अळंबीसारखी फुलते आणि आपली सारी शक्ती आतच खर्च करते. दमदम हे नाव त्या गोळीमुळे जगभर गेले.

पुढची गंमत पाहा. १८९९ साली हेग येथे राष्ट्रांनी ठरविले की, युद्धात माणसावर फुलणारी गोळी झाडायची नाही. शिकाऱ्यांनी मात्र तीच गोळी दयेची मानली! विसंगती वाटते, पण नाही. आरपार जखम झालेल्या सैनिकाला उचलायला डोली असते, पुढे डॉक्टर असतो. आरपार जखम झालेले जनावर चार-चार दिवस झुडपात कुढत मरते, किंवा मरतच नाही.

पण फुलणारी गोळीही सर्वगुणसंपन्न नव्हे. फार वेगाने जवळून खांद्याच्या हाडावर आदळली तर ती वरच्यावर फुटते. जखम भयंकर दिसते आणि काळीज शाबूत राहते. अमेरिकेतल्या जॉन नॉस्लर या शिकाऱ्याला १९४६ साली एका मूस हरणावर हाच अनुभव आला. त्याने गोळीच्या पोटात आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा घट्ट राहून खोल जातो. अलीकडे निव्वळ तांब्याच्याही गोळ्या निघाल्या. कारण शिशाचे कण मांसात राहतात आणि ते खाऊन गिधाडे मरतात. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाला बंदीच केली. उलट टोकाला आफ्रिकेतला बेल हा शिकारी. पॉइंट २७५ च्या लहानशा रायफलीने, न फुलणारी गोळी घालून त्याने शेकडो हत्ती पाडले. त्याचे रहस्य गोळीत नव्हते. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कोठे असतो, याचा त्याने कसून अभ्यास केला होता.

आता आपल्या बाबांच्या पदरी काय पडणार? बहुधा बारा बोअर आणि एल्‌जीचे काडतूस. (काडतूस हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, माल मात्र सर्वांकडून.) त्यात मोजकेच मोठे छर्रे असतात. पंचवीस पावलांच्या आत ते एकत्र बसतात. त्यापुढे पांगतात आणि एखादा मांडीत, एखादा जबड्यात रुततो. उसात तर पंचवीस पावले दिसतच नाही. रायफल द्यावी, तर तिची गोळी चुकल्यास तीन-तीन किलोमीटर जाऊ शकते आणि त्या वाटेवर ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या असतात.

आणि जबड्यात रुतलेला छर्रा काय करतो, हे जिम कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. १९०७ साली त्याने चंपावतची वाघीण मारली, तेव्हा तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे असे दोन सुळे तुटलेले आढळले. कोणाच्या तरी बंदुकीची ती करणी. त्यामुळेच नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसाकडे वळली, असे कॉर्बेटचे निदान. बार काढणारा घरी गेला; हिशेब बायाबापड्यांनी चुकवला. खुद्द कॉर्बेटचीही त्या दिवशी काडतुसे संपली. तहसीलदाराची खिळखिळी बंदूक मागून घेऊन त्याने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला, ती गोळी लागली पंजाला! आधीच्या गोळ्यांनी वाघीण खचली होती, म्हणून निभावले.

दुसरे उदाहरण बिबट्याचेच आहे. रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलावर १९२१ साली दोन तरुण इंग्रज अधिकारी दोन महिने पाळत ठेवून बसले. बिबट्या आला, गोळी लागली, पुलावर रक्त सांडले. पण गोळी पायाला चाटून गेली होती. एक बोट गेले, एवढेच. काही महिने बिबट्या गप्प राहिला आणि मग पुन्हा सुरू झाला. अखेर मे १९२६ मध्ये कॉर्बेटने त्याला मारले, तोवर सरकारी मोजणीने १२५ माणसे गेली होती. लागलेल्या त्या एका गोळीने पाच वर्षांत काहीच मिटवले नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली. माणसाच्या जिवावर उठलेले जनावर पकडणे किंवा बेशुद्ध करणे अशक्य ठरले, तरच त्याला मारण्याचा लेखी आदेश निघतो. म्हणून आता पिंजरा आणि डार्ट. मराठीत औषधाची ती गोळी आणि बंदुकीची तीही गोळीच. डार्टमध्ये हे दोन्ही अर्थ प्रथमच एकत्र नांदले. ही उडती सुई मंदगती असते, कारण वेगाने गेली तर तीच जीव घेईल. तीस-चाळीस पावलांवरून मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड मांसात ती बसावी लागते. केटामीन आणि झायलाझीन यांची मात्रा जनावराचे वजन नजरेने जोखून भरतात. आणि औषध भिनायला दहा-पंधरा मिनिटे जातात. तेवढा वेळ बिबट्या शुद्धीत असतो, चिडलेला असतो आणि भोवती मोबाइल उंचावलेली हजार माणसे असतात!

डार्ट प्रत्येक वेळी साधतोच असेही नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत तिघांचे बळी गेले. त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले. बिबट्याला ठार करण्याचा आदेश निघाला. नोव्हेंबरातल्या त्या रात्री प्रथम डार्ट मारून पाहिला. तो साधला नाही, बिबट्या अंगावर आला आणि नेमबाजांनी त्याला गोळ्या घातल्या. गोळीची वेळ कधी येतच नाही, असे म्हणणे त्या घरांपुढे उभे राहून शक्य नाही. पण ती आली तेव्हाही शिकलेले हात तिथे हजर होते, म्हणून बिबट्या जखमी होऊन उसात पळाला नाही. घरटी बंदुकीने हे साधले नसते.

जुन्या शिकाऱ्यांचा एक नियम होता: जखमी जनावर मागे टाकून घरी जायचे नाही. शिकार गेली तरी नियम उरला पाहिजे. म्हणून बाबांच्या वतीने सरकारला मी लिहीन ते असे: बंदुका नकोत. रात्री-अपरात्री तासाभरात पोहोचणारे पथक हवे, डार्ट चालविणारी तयार माणसे हवीत आणि दिवसाची वीज हवी. आणि बाबांना सांगणे एवढेच की, पथक आले म्हणजे गावातल्या चार जाणत्यांनी गर्दीला बांधाच्या अलीकडे रोखून धरावे. सरकार कितीही जागे झाले तरी तेवढे काम गावालाच करावे लागेल.