‘सलग’ या एका शब्दाची करामत

देवालयांतील सेवा पाळीपाळीने चालते, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पुजारी असो, वाजंत्री असो की दिवटी धरणारा असो, ज्याची पाळी नाही तो त्या दिवशी घरी बसतो. परंतु घरी बसला म्हणून त्याचा हक्क बुडाला, असे कोणी महाजन म्हणत नाहीत. काम खंडित, नाते मात्र अखंड! तेव्हा कामात खंड असणे हाच अन्याय, असे आमचे म्हणणे नव्हे. खंड मुद्दाम पाडला जातो, त्याविषयी आमची तक्रार आहे.

राज्य परिवहनाचे उदाहरण घ्या. १९५६ साली कामगार संघटनेशी झालेल्या करारातील ४९ व्या कलमाने, रोजंदारीवर सलग १८० दिवस काम केलेल्यास, साप्ताहिक व इतर सुट्ट्या जमेस धरून, नियमित वेतनश्रेणीत घेण्याचे ठरले. हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु ‘सलग’ हा शब्द कारकुनाच्या हाती पडला की त्याचे काय होते? शंभर-दीडशे दिवस भरत आले की चार दिवस हजेरीपटावर नाव नसावयाचे, आणि पाचव्या दिवशी तोच मनुष्य, तोच झाडू, तेच आगार. दिवसांची मोजणी तेवढी पुन्हा एकपासून! आषाढीला पंढरपुरास जादा गाड्या सुटतात, तेवढ्यापुरती जादा माणसे लागतात, हे आम्ही समजू शकतो. पण गाड्या धुण्याचे काम काय फक्त आषाढीलाच निघते?

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने, कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने माणसांस वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा ठरविली. यावर सरकारी पक्षाची ढाल ठरलेली: सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा उमादेवी खटल्यातील निकाल. मागल्या दाराने आलेल्यांस कायम केले तर रीतसर अर्ज करून वाट पाहणाऱ्या तरुणांचे काय, हा प्रश्न खरोखरच बिनतोड आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. तथापि पुढले दार वर्षानुवर्षे बंद कोणी ठेवले? आणि मागले दार ज्याने उघडले, त्यानेच आत आलेल्यास घुसखोर म्हणावे, ही कोणती नीती? २००९ साली परिवहन महामंडळाच्याच सफाई कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अनुचित प्रथा सिद्ध झाल्यास कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवी निकालाने हिरावला गेलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाईच्या व बागेच्या कामावरील माणसांच्या बाजूने निकाल देताना तर, उमादेवी निकालाचा कसा विपर्यास केला जातो हेही न्यायालयाने बोलून दाखविले. एवढ्यासाठी झाडू मारणाऱ्याने दिल्लीपर्यंत जावे लागावे!

संघटनांनाही आमचा एक सवाल आहे. करारावर सही करतात कायम झालेल्यांचे प्रतिनिधी. वर्गणी त्यांची, मतेही त्यांचीच. बदलीवाला बैठकीस येतो तेव्हा दाराशी उभा राहतो. वेतनवाढीच्या टक्क्यांवर रात्री जागविणाऱ्या पुढाऱ्यांनी एका विशेषणाकडे किती वेळ लक्ष दिले? वस्तुतः तोडगा दूर शोधावयास नको होता. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, जो पुढे २०२० च्या संहितेत विलीन झाला, त्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले म्हणजे वर्षाची सेवा अखंड मानली जाई. मधले खाडे त्याच्या आड येत नसत. करारांतही हाच हिशेब घालावा: ‘सलग’ काढून ‘एकूण’ लिहावे, आणि मध्ये खंड का पडला याचा जबाब कामगाराकडे न मागता ज्याच्या हाती हजेरीपट असतो त्या अधिकाऱ्याकडे लेखी मागावा. पुढील वाटाघाटींच्या मागणीपत्रात हे कलम वेतनवाढीच्या वर असावे, खाली नव्हे.