कूस तिची, हिशेब सत्तेचा

लोकसंख्येचा प्रश्न निघाला की या देशातले राज्यकर्ते आणि धर्माचे ठेकेदार बाईशी बोलत नाहीत, तिच्याविषयी आपसात बोलतात. कालपर्यंत 'गरिबांनी पोरांचे लेंढार वाढवून देश बुडवला' असा उपदेश चालू होता. आता वारे फिरले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जनतेला जास्त मुले जन्माला घालण्याचे आवाहन केले. डिसेंबर २०२४ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी नागपुरात सांगितले की, प्रत्येक कुटुंबात दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन अपत्ये हवीत. दोन्ही उपदेश एकमेकांच्या उलट आहेत. पण मूल जिच्या पोटी वाढायचे, तिला दोन्ही वेळा कुणी विचारलेले नाही.

हा बदल का झाला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात एका स्त्रीला सरासरी दोन मुले होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण १.७ आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी ते २.१ लागते. शिवाय लोकसभेच्या जागांचे राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवले गेले आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवले. ज्या राज्यांनी जन्म कमी केले, त्यांना आता आपले खासदार कमी होण्याची धास्ती आहे. कुणाला खासदारांचा हिशेब हवा आहे, कुणाला धर्माच्या डोक्यांचा. या हिशेबात आमची माय-बहीण फक्त आकडा आहे.

या प्रश्नाकडे बाईच्या बाजूने पाहणारा नेता या देशात होऊन गेला आहे, याची आठवण आम्ही करून देऊ इच्छितो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा अशासकीय ठराव मांडला गेला. ठराव बाबासाहेबांचा होता. त्या दिवशी ते सभागृहात नसल्याने स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी तो मांडला. वारंवारच्या बाळंतपणाने बाईचे शरीर झिजते, नको असलेले गर्भारपण टाळण्याची मोकळीक तिला असली पाहिजे, आणि त्याची साधने सरकारने तिच्यापर्यंत पोहोचवली पाहिजेत, हे त्या मांडणीचे सार होते. राज्य काँग्रेसचे होते. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. त्याआधी १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले तेही बाबासाहेबच.

जो विचार १९३८ मध्ये नाकारला, तोच पुढे सरकारने उलटा करून आणला. बाबासाहेबांनी साधन मागितले होते. सरकारने सक्ती आणली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. नसबंदीच्या रोषात १९७७ मध्ये दिल्लीची सत्ता गेली आणि राज्यकर्ते एक धडा शिकले : पुरुषाला हात लावायचा नाही. तेव्हापासून हे सारे ओझे बाईच्या अंगावर आहे. वर उल्लेखलेल्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया ३७.९ टक्के आहेत आणि पुरुष ०.३ टक्के! २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरच्या नसबंदी शिबिरांनंतर गरीब बायांचे मृत्यू झाले. अशी शिबिरे बंद करा, हे सांगायला २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. ७३ व्या घटनादुरुस्तीने दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांच्यासाठी ग्रामपंचायतीचे दार उघडले. या दारातून पहिली पिढी आत शिरते न शिरते तोच दोन अपत्यांची अट आली. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले की सदस्यत्व गेले. २००५ पासून सरकारी नोकरीलाही ती अट लागली. आमदार-खासदार होण्यासाठी मात्र अशी अट नाही! म्हणजे देशाचा कायदा करणाऱ्याला कितीही मुले चालतात आणि गावच्या नळयोजनेवर सही करणाऱ्या सरपंच बाईला तिसरे चालत नाही. तिसरे मूल व्हावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार किती घरांत तिच्या हातात असतो? निर्णय सासू-नवऱ्याचा आणि शिक्षा तिला, हा कुठला न्याय? आंध्रने २०२४ मध्ये ही अट काढली. पण ती अन्यायकारक म्हणून नव्हे, डोकी कमी पडू लागली म्हणून.

नुसत्या कायद्याने मात्र हे चित्र पूर्ण होत नाही. कायदा ज्या संस्कृतीत उतरतो, तिचे विषही तो उचलतो. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद आठ पुत्रांचा आहे, त्यात कन्येला जागा नाही. पुत्राने पाणी दिल्याशिवाय गती नाही, हे मनुवादी धर्मशास्त्राने शेकडो वर्षे मनावर बिंबवले. अशा समाजाला 'दोनच मुले' असे सांगितले की तो मुले कमी करताना आधी मुली कमी करतो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. कोसलचा राजा प्रसेनजित राणी मल्लिकेला मुलगी झाली म्हणून खिन्न झाला, तेव्हा मुलगी मुलापेक्षाही श्रेष्ठ निघू शकते, असे भगवान बुद्धांनी त्याला सांगितले. बाबासाहेबांनी स्त्रीविषयीच्या आपल्या लेखात हा प्रसंग मुद्दाम दिला आहे. ज्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, त्या घरात मुलगी झाल्यावर पेढे वाटले जातात का, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या उंबऱ्याच्या आत विचारावा.

त्याच बीडमधून २०१९ मध्ये आणखी एक सत्य बाहेर आले. ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो बायांच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या, कित्येकींच्या तर ऐन तारुण्यात. तोडीवर नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. पाळी आली, पोट दुखले, खाडा पडला की दंड. म्हणून पिशवीच काढून टाकायची! कागदावर बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे, पण फडात, वीटभट्टीवर, इमारतीच्या बांधकामावर राबणारीला ती कोण देणार? १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रीच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणातील विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला होता. एकाच वेळी जन्म रोखण्याचे साधन आणि जन्म देण्याची सोय, दोन्ही बाईला मिळाली पाहिजेत, हा त्यांचा विचार. त्यात सक्तीला जागा नव्हती.

आणि सक्तीशिवाय जन्मदर उतरतो, हे आकडेच सांगतात. शाळा न पाहिलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुले, बारावी आणि पुढे शिकलेल्या स्त्रीला १.८. म्हणजे जे काम सक्तीवर सोपवले, ते सावित्रीमाईंच्या पाटीने केले असते! १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आमच्या आया-आज्यांना हेच सांगितले होते : मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका. तो हुकूम नव्हता, हितोपदेश होता. आणि तो थेट बायांना केलेला होता.

म्हणून चळवळीने या नव्या 'तीन मुलांच्या' आरोळीला भुलू नये आणि जुन्या 'दोन मुलांच्या' अटीलाही मान तुकवू नये. ग्रामपंचायतीची ती अट रद्द करा, असंघटित कामगार स्त्रीला बाळंतपणात मजुरी द्या, सरकारी दवाखान्यात सुरक्षित साधने द्या, या मागण्या घेऊन चळवळीने रस्त्यावर आले पाहिजे. आणि शस्त्रक्रियेची वेळ येईल तेव्हा आमच्या तरुणांनी बायकोला पुढे न ढकलता स्वतः टेबलावर झोपावे. त्याने मर्दानगी जात नाही. किती मुले हवीत, केव्हा हवीत, की नकोतच, हे ती ठरवील. १९३८ चा पडलेला ठराव आपल्याला घराघरात मंजूर करून घ्यायचा आहे.

जयभीम!