धारची शिळा आणि मुलांची पाटी

धार आणि देवास ही नावे आमच्या किनारपट्टीवरील वाचकांस परकी वाटण्याचे कारण नाही. अठराव्या शतकात पवारांच्या घोडदळामागोमाग मराठी भाषा माळव्यात गेली आणि तेथेच नांदली. धारला पवारांची एक गादी होती, देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन होत्या. दप्तर मोडीत लिहिले जाई, गणेशोत्सव होत, कीर्तने होत. संस्थाने विलीन झाली, प्रांतांची पुनर्रचना झाली आणि १९५६ पासून हा मुलूख आजच्या मध्य प्रदेशात आहे. त्या मराठी घरांतील नातवंडे आज आजीशी मराठीत आणि बाकी साऱ्या जगाशी हिंदीत बोलतात. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची आहे. त्यांच्या मुलांस घरी भिली येते, हिंदीची ओळख त्यांना शाळेतच होते. अशा प्रदेशात सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिले पुस्तक कोणते द्यावे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती संस्थांच्या शाळा आहेत. सरकारमान्य मंडळांचा अभ्यासक्रम शिकवणे हाच अशा शाळांचा आजवरचा सर्वसाधारण रिवाज. परंतु 'अभिजात ख्रिस्ती अभ्यासक्रम' या नावाचा एक वेगळा प्रवाह गेल्या चार दशकांत अमेरिकेत बळावला आहे आणि त्याची क्रमिक पुस्तके आज जगात कोठेही मागवता येतात. माळव्यातील प्राथमिक शाळेतील बालकांस असे शिक्षण द्यावे काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहिलेला नाही. तो गोव्याचाही आहे. किंबहुना गोव्याने तो चारशे वर्षांपूर्वीच अनुभवला आहे.

या अभ्यासक्रमाचे म्हणणे काय, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. नाव ऐकताच कपाळाला आठ्या घालणे हे सुशिक्षितांस शोभणारे नव्हे. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्ड येथे एक व्याख्यान दिले. आपण मुलांना विषय पुष्कळ शिकवतो, पण विचार कसा करावा हे शिकवत नाही, ही तिची तक्रार. तिने मध्ययुगीन युरोपातील तीन पायऱ्यांची आठवण दिली: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. लहानपणी मूल आनंदाने पाठ करते, तेव्हा त्याचे पाठांतर करून घ्यावे. जरा मोठे झाले की ते वाद घालू लागते, तेव्हा त्यास तर्कशास्त्र द्यावे. पुढे त्यास स्वतःस व्यक्त करावेसे वाटते, तेव्हा वाणीचे संस्कार करावेत. या व्याख्यानाचा आधार घेऊन १९८१ साली अमेरिकेतील आयडाहो राज्यात एक शाळा निघाली आणि तिच्या मागोमाग अनेक निघाल्या. मुलांस लॅटिन शिकवावे, जुने ग्रंथ वाचून घ्यावेत आणि सर्व विद्या ख्रिस्ती श्रद्धेच्या सूत्रात ओवावी, ही या शाळांची रीत.

यातील पहिला अर्धा भाग ऐकून आम्हांस नवल वाटले नाही. उलट कोणी आपलेच जुने दागिने घालून मिरवीत आहे असे वाटले. आपल्याकडे विद्वानास 'पदवाक्यप्रमाणज्ञ' म्हणत. पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा, प्रमाण म्हणजे न्याय. युरोपाच्या तीन पायऱ्यांशी ही तीन शास्त्रे तंतोतंत जुळत नाहीत हे खरे. पण आधी शब्द, मग अर्थ, मग युक्तिवाद हा क्रम तोच आहे. याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. तो धारमध्येच आहे.

धारच्या भोजशाळेतील दोन स्तंभांवर परमारकाळातील नागबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांतून तयार झालेल्या चौकटींत एकीकडे वर्णमाला आणि प्रत्यय आहेत, दुसरीकडे दहा लकारांची क्रियापदरूपे. हे व्याकरण पाणिनीचे नव्हे, 'कातंत्र' परंपरेचे, म्हणजे सुलभ व्याकरणाचे. त्याच्या जन्माची आख्यायिका आपल्या प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाशी जोडलेली आहे. जलक्रीडेत राणी 'मोदकैः' म्हणाली. तिचा अर्थ 'पाणी उडवू नका' असा होता, राजाने मोदक मागवले आणि लाजून व्याकरण शिकण्याचा निश्चय केला. त्या वास्तूच्या मालकीचा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस दिसतो तो एक दगडी तक्ता, कोण्या गुरूने शिष्यांसाठी भिंतीवर टांगावा तसा. या शिळांच्या अभ्यासात ज्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पुढाकार घेतला, ते का. कृ. लेले धार संस्थानाच्या शिक्षण खात्यातील मराठी गृहस्थ होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या भोजराजाचे नाव या गावाशी जोडले जाते, त्याच्या नावावर 'सरस्वतीकंठाभरण' या एकाच नावाचे दोन ग्रंथ आहेत: एक व्याकरणाचा, दुसरा साहित्यशास्त्राचा. पहिली आणि शेवटची पायरी एकाच राजाच्या चौकात!

तेव्हा पाठांतर, व्याकरण आणि तर्क यांना आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. प्रश्न उरतो तो दुसऱ्या शब्दाचा. 'ख्रिस्ती' हे विशेषण येथे शोभेसाठी लावलेले नाही. जुन्या मिशन शाळेत बायबलचा एक तास असे. तो संपला की गणित हे गणित आणि भूगोल हा भूगोल. या नव्या पद्धतीत तसा वेगळा तास हाच मुळी अपुरेपणा मानला जातो. इतिहास ख्रिस्तजन्माभोवती रचला जातो, वाङ्मय त्याच दृष्टीने वाचले जाते, निसर्गाचा धडाही तेथूनच सुरू होतो. ख्रिस्ती मातापित्यांस आपल्या मुलांसाठी असे शिक्षण हवे असेल तर तो त्यांचा हक्क आहे. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा अधिकार दिला आहे आणि त्या अधिकारावर कोणी घाला घालील तर आम्ही त्याच्या विरोधात उभे राहू. पण त्याच वर्गात हिंदू वा भिल्ल मूल बसले असेल तर?

घटनेचे अठ्ठाविसावे कलम सांगते की, सरकारमान्य वा अनुदानित शाळेत कोणासही संमतीवाचून धार्मिक शिक्षण घ्यावयास लावता येणार नाही. आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकाची हवी. कलम चांगले आहे. परंतु ते लिहिताना डोळ्यांसमोर असावा तो स्वतंत्र तास, ज्यातून मुलास बाहेर बसवता येते. वाचनमालेच्या प्रत्येक पानातून मुलास बाहेर कसे बसवणार? म्हणून येथे संमतीचा अर्थच बदलतो. प्रवेशाच्या वेळी शाळेने आपली भूमिका पालकास त्याला समजणाऱ्या भाषेत, हिंदीत, मराठीत, भिलीत, स्पष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजी छापील अर्जाच्या तळाशी उमटवलेला अंगठा ही संमती नव्हे.

आता गोव्याकडे पाहू. १५४० च्या दशकात येथे सेंट पॉलचे विद्यालय उभे राहिले. जेजुइटांनी १५९९ साली आपला अभ्यासक्रम निश्चित केला, त्याच्या पायऱ्याही व्याकरण, वाङ्मय, वक्तृत्व आणि मग तत्त्वज्ञान अशाच होत्या. म्हणजे अभिजात ख्रिस्ती शिक्षण आशिया खंडात प्रथम जेथे रुजले त्या थोड्या ठिकाणांत गोवा आहे. त्याचे फळ काय? त्या फळाला दोन चवी आहेत. लॅटिन व्याकरणात मुरलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला. त्याने आमची भाषा कान देऊन ऐकली. कोकणीचे पहिले छापील व्याकरण त्याचे. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'क्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, त्याही मराठीत. धर्म परका, पण ओवी आमची. पुढे गावोगावच्या चर्चशाळांतून मुलांस स्वरलिपी शिकवली गेली आणि तीच विद्या घेऊन गोव्याचे वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीपर्यंत पोहोचले.

दुसरी चव कडू आहे. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. लोकांनी ते जुमानले नाही, म्हणून तर आज आम्ही या भाषेत लिहितो आहोत. पण हेतू स्पष्ट होता: जीभ बदलली की माणूस बदलतो. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज प्राथमिक शाळेत पोराने लिस्बनजवळच्या नद्या घोकाव्यात आणि दाराशी वाहणाऱ्या मांडवीचे नाव पुस्तकात शोधू नये, ही त्याच वृत्तीची शेवटची शेपटी. देवळांच्या मंडपांतून, खाजगी ओसऱ्यांवरून चाललेल्या मराठी शाळांनी त्या काळात जे राखले, त्याचे मोल आम्ही विसरू शकत नाही.

स्टीफन्स आणि आल्व्होर यांचा देव एकच होता. फरक होता तो मुलाच्या भाषेकडे पाहण्याचा. आमच्या मते शाळेची परीक्षा येथेच होते. जी शाळा मुलाच्या घरची भाषा शिकून त्याला शिकवते, तिच्या श्रद्धेशी आमचा मतभेद असला तरी तिला आम्ही नमस्कार करू. जी शाळा मुलास घराची लाज वाटावयास लावते, ती कोणत्याही देवाची असो, तिने मुलाचे काहीतरी हिरावून घेतले आहे.

हा माप लावताना आपला-परका असा भेद करता येणार नाही. मध्य प्रदेशात सरस्वती शिशु मंदिरांचे जाळे मोठे आहे. तेथे ख्रिस्ती, मुसलमान वा आदिवासी मूल बसत असेल तर त्याच्या बापासही तीच माहिती व तीच संमती विचारली गेली पाहिजे. अठ्ठाविसावे कलम बायबलला एक आणि भगवद्गीतेला दुसरे असे लिहिलेले नाही. न्यायाचा तराजू शेजाऱ्याच्या दुकानात तपासावा आणि आपल्या दुकानात झाकून ठेवावा, ही रीत आमची नव्हे.

आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. १८७७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने इंदुरात काम सुरू केले. १८९५ साली डॉ. मार्गारेट ओ'हारा ही मिशनची डॉक्टरीण धारला आली. १८९९-१९०० चा छप्पनियाचा दुष्काळ माळव्यावर कोसळला तेव्हा पोरक्या झालेल्या मुलांस मिशनच्या अनाथालयांनी पोटाशी धरले. त्या मुलांस अन्न, अक्षर आणि धर्म एकाच ताटात वाढले गेले, ही टीका पुष्कळदा होते आणि ती खोटी नाही. पण टीकाकाराने आधी स्वतःस विचारावे की, त्या वेळी आपले ताट कोठे होते? देवासच्या थोरल्या पातीच्या राजास १९०७ साली इंग्रज शिक्षक मिळाला. भिल्लाच्या पोरास मिळाले ते मिशनच.

आजची स्थिती तरी फार वेगळी आहे काय? पालक मिशनच्या वा इंग्रजी शाळेकडे वळतो तो बहुधा धर्मासाठी नव्हे. गुरुजी रोज येतात, मूल वाचू लागते, हिशोब चुकत नाही, एवढ्यासाठी तो जातो. पंतोजींच्या शाळेतील पावकी-निमकी आम्ही जुनाट म्हणून टाकून दिली, पाठांतरास घोकंपट्टी म्हणून हिणवले, व्याकरणास कंटाळवाणे ठरवले. आता तीच साधने परदेशातून नव्या वेष्टनात येतात आणि आम्ही वेष्टनाचे पैसे मोजतो. गोव्यातही हेच घडले. १९९० च्या सुमारास सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांपुरते ठरले, तेव्हा चर्चच्या शाळांनीही कोकणी माध्यम पत्करले. २०११ साली इंग्रजी माध्यमास अनुदान खुले झाले आणि आंदोलने पेटली. त्या आंदोलनांत घोषणा देणाऱ्या किती घरांतील मुले मराठी वा कोकणी प्राथमिक शाळेत जात होती, हा प्रश्न तेव्हा अवघड होता, आजही अवघडच आहे.

१९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकते. धार-देवासच्या मराठी घरांस आणि भिलीभाषक पाड्यांस हे कलम माहीत तरी आहे काय? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असे म्हटले. 'शक्य तेथे' या दोन शब्दांत सारे पाणी मुरते. कलमे कागदावर राहतात, कारण मागणी करणारा पालक उभा राहत नाही; आणि पालक उभा राहत नाही, कारण त्याने मातृभाषेतील चांगली शाळा पाहिलेलीच नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ख्रिस्ती मुलांस ख्रिस्ती शिक्षण मिळो, ते उत्तम मिळो. इतरांच्या मुलांस घेणाऱ्या प्रत्येक शाळेने, मग ती कोणाचीही असो, आपले पोट उघडे करून दाखवावे आणि पालकाची संमती समजावून घ्यावी. पहिली काही वर्षे मुलाने घरच्या भाषेत काढावीत. आणि ज्यांना अशा शाळांचे भय वाटते त्यांनी निषेधाच्या ठरावाऐवजी एक चांगली प्राथमिक शाळा चालवून दाखवावी, जेथे व्याकरण नीट शिकवले जाते, पाढे पाठ होतात आणि मुलाच्या 'का?' या प्रश्नास छडीने उत्तर मिळत नाही.

नागबंध कोरणाऱ्याने आठ-नऊशे वर्षांपूर्वी प्रत्ययांची कोष्टके दगडावर उतरवली ती शिकणाऱ्याचे श्रम हलके व्हावेत म्हणून. तो तक्ता अजून धारला शाबूत आहे. त्याच्यासमोर पाटी घेऊन बसणारे मूल कोठे आहे, याचे उत्तर मात्र मिशनने द्यावयाचे नसून आपण द्यावयाचे आहे.