५०० मीटरचा नेम आणि आपलं शिवार

अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ सध्या आपल्याकडच्या पोरांच्या मोबाइलवर फिरतायत. माणूस पालथा पडलेला, रायफलवर भलीमोठी दुर्बीण, हरिण पार समोरच्या डोंगरावर. चाप ओढला की हरिण आडवं. ते बघून आपले शेतकरी मित्र विचारतात, रानडुकरांसाठी आम्हाला हे का नाही? त्रास खरा आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी हे जमतं कसं ते बघू. .३०८ ची रायफल १०० मीटरला नेमकी लावली असेल, तर ५०० मीटरवर तिची गोळी दीड मीटरपेक्षा जास्त खाली उतरते. म्हणून शिकारी लेझरने अंतर मोजतो, मोबाइलमधल्या हिशेबाने दुर्बिणीची चकती फिरवतो आणि तेवढा नेम वर घेतो. चकतीच्या एका खटक्याला १०० मीटरवर १ सेंटिमीटर, ५०० मीटरवर ५ सेंटिमीटर. इथपर्यंत गणित पक्कं आहे.

गाडी अडते ती वाऱ्यापाशी. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा त्याच गोळीला ५०० मीटरवर साधारण अर्धा मीटर बाजूला नेतो. जनावराच्या काळीज-फुफ्फुसाची जागा जेमतेम वीतभर. शिवाय आपल्यापाशी वारा एक, मधल्या ओढ्यावर दुसरा. आणि गोळी पोचायला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकलं तरी गोळी काळजाऐवजी पोटात बसते. ते पाऊल कुठलीच दुर्बीण आधी सांगत नाही.

हे शिकारीच्या विरोधातले लोकच म्हणतात असं नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच. जनावराला निसटायची संधी हवी, हे त्यांचं तत्त्व. केवळ यंत्रांच्या जोरावर लांबून मारण्याला त्यांचाही आक्षेप आहे.

आता आपल्या विदर्भातल्या शिवारात या. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराला, रोहीला वनखात्याच्या परवानगीने मारता येतं. पण डुक्कर येतं रात्री. ५०० मीटरच्या पट्ट्यात चार जणांचे धुरे, दोन पांदणी आणि कुणाची तरी जागल. सपाट रानात चुकलेली रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाऊ शकते, आणि मागे गोळी अडवायला डोंगर नाही. मचाणावरून जवळच मारलेली गोळी निदान खाली जमिनीत शिरते. जुनी माणसं मचाण बांधायची, त्यामागे हा हिशेबही होता.

जखमी डुकराचं काय? ५०० मीटर अंधारात चालत जाईपर्यंत ते तुरीत शिरलेलं असतं. सकाळी त्याच तुरीशेजारी बाया कापूस वेचायला जातात. पोटात गोळी घेऊन बसलेलं डुक्कर कुणावर धावेल ते काही सांगावं लागत नाही. नेम चुकला दुसऱ्याचा, भोगायचं मजूर बाईने. आणि मजुरीवर आलेल्या बाईला भरपाई कोण देणार, यावर तर कुणी बोलतच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लांब पल्ल्याच्या रायफलींचा नाद सोडा. मारायचंच असेल तर परवानगीने, प्रशिक्षित माणसाने, मचाणावरून, जवळून, आणि जखमी जनावराचा माग काढण्याची जबाबदारी लिहून घेऊन. सरकारकडे भांडायचं असेल तर सौरकुंपणाच्या अनुदानासाठी भांडा, पंचनामा आठवड्याच्या आत व्हावा म्हणून भांडा, अर्ज केल्यावर परवानगी पीक हातचं जायच्या आधी मिळावी म्हणून भांडा. दुर्बीण लाखभराची घेतली तरी हंगाम संपल्यावर आलेल्या परवानगीचा उपयोग शून्य.