बेण्याचा धंदा नको, मुसळीचे पीक घ्या

पावसाळा तोंडावर आला की औषधी वनस्पतींच्या लागवडीचे छापील कागद गावोगाव फिरू लागतात. सफेद मुसळी त्यात हमखास असते. बेणे आमचे, खरेदीची हमी आमची, एकरी लाखांचे उत्पन्न! ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना हे काही नवे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि २००० नंतरची काही वर्षे विदर्भ-खानदेशात, तिकडे मध्य प्रदेशातही, अशीच मुसळीची लाट आली होती. ती ओसरली तेव्हा कित्येकांच्या घरात वाळलेल्या मुळ्यांची पोती पडून राहिली, आणि हमी देणारे कुठे गेले ते त्यांनाच ठाऊक.

म्हणून मुसळीच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. मुसळी आपल्याच मातीतली. सागाच्या विरळ रानात, डोंगरउतारावरच्या गवतात पहिल्या पावसासरशी ती आपोआप उगवते. शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या नावात तर चक्क आपले बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलियानम. तिच्या मुळ्यांना आयुर्वेदात शक्तिवर्धक म्हणून मान आहे. काळी मुसळी ही निराळी वनस्पती. दोन्हींची गल्लत करू नये.

घोटाळा पिकात नव्हता, हिशेबात होता. एका झाडापासून लावण्याजोगी पाच बोटे निघतात असे धरा. यंदाचा एक एकर पुढच्या साली पाच, मग पंचवीस, चौथ्या साली सव्वाशे एकर! जो तो बेणेच विकणार असेल तर दर साली पाचपट गिऱ्हाईक आणायचे कुठून? औषध कारखान्याला बेणे नको असते. त्याला लागते ती सोललेली, वाळलेली, पांढरी मुळी. आणि शंभर किलो ओली मुळी वाळून वीस किलोच्या आतबाहेरच भरते. भाव विचारायचा तो या वीस किलोंचा. कागदावर मात्र ओल्याच वजनाचा गुणाकार मांडलेला असतो.

ज्याला लावायचीच आहे त्याने एकरभर बेणे विकत घेऊ नये. एकराला ऐंशी हजारांच्या आसपास बोटे लागतात, सगळा पैसा त्यातच जातो. दोन-चार गादीवाफ्यांपासून सुरुवात करा आणि बेणे घरचेच वाढवा. जमीन हलकी, भुसभुशीत, पाणी न साचणारी हवी. काळ्या चिकट रानात मुळ्या सडतात. शेणखत पुरते कुजलेले घाला. नुसते बोट लावून काही उगवत नाही, त्याला माथ्याचा डोळ्यासकट तुकडा राहिला पाहिजे. बियांपासून रोपे होतात, पण उगवण फार कमी. पावसाळा सरता सरता पाने पिवळी पडून गळतात. तेव्हा पीक मेले असे समजून घाईने खणू नका. मुळ्या महिना-दीड महिना जमिनीतच राहू द्या, साल तपकिरी झाली की काढा. सोलायला मजूर किती लागतील ते आधी मोजा, तो आकडा छापील कागदावर नसतो.

रानातल्या मुसळीची गोष्ट वेगळी. पाने गळाली की झाड कुठे होते ते सापडत नाही, म्हणून खणणारे पाने हिरवी असतानाच कच्ची मुळी उपटतात. माथाही जातो आणि बीही. वजन कमी, भाव कमी, अन् पुढच्या साली त्या जागी नुसते गवत. पाने हिरवी असताना शेजारी काडी रोवून खूण करावी, खणणे दिवाळीनंतर करावे, आणि मोठ्या मुळ्या घेऊन माथा दोन बोटांसकट परत पुरावा. यात खर्च काहीच नाही. पण एकट्याने पाळून भागत नाही, कारण शेजारचा आधीच खणून नेतो. ठराव ग्रामसभेनेच केला पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना तसा अधिकारही आहे.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनाही एक विनंती. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत समिती आहे, नोंदवही आहे. ती कपाटातून बाहेर काढा. कोणत्या माळावर, कोणत्या उतारावर मुसळी होती आणि आज कुठे उरली आहे, हे गुराख्यांना आणि रानभाज्या आणणाऱ्या बायांना विचारून लिहा. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सवलत दिली आहे, पण माल शेतातला की रानातला, हे समितीच्या वहीवरूनच ठरायचे. तेव्हा शेतकऱ्याने ई-पीक पाहणीत मुसळीची नोंद स्वतः करावी आणि समितीच्या वहीतही लावून घ्यावी. लागवडीच्या महिन्यातच हे उरकावे. व्यापारी दारात उभा राहिल्यावर दाखल्यासाठी धावाधाव केली तर भाव तोच ठरवतो.