लगाम ज्याच्या हाती

२३ ऑक्टोबर १९२९ रोजी धुळ्याहून परतताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावी उतरले. टांगेवाले टांगा भाड्याने देण्यास तयार झाले. परंतु अस्पृश्यास बसवून तो हाकण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा वस्तीतील एका बांधवाने लगाम हाती घेतला. टांगा हाकण्याचा त्याला सराव नव्हता. पुलाच्या फरशीत चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. आपला मान राखण्याच्या भरात प्रवाशाचा जीव मानाहून मोठा असतो हे बांधव विसरले, अशी नोंद त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये केली आहे.

हा प्रसंग आम्ही वर्गात अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून शिकवतो. ही शेवटची नोंद मात्र घाईत सुटून जाते.

आज लगाम आपल्याच हाती आहे. येथे शिकलेली मुले अकोला-हिंगोली-नांदेड महामार्गावर स्वतःची गाडी चालवताना दिसली की ऊर भरून येतो. पण एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्यात मोबाइल, हेही आम्हीच पाहतो. त्या बांधवाला सराव नव्हता. आपल्याकडे परवाना आहे, लक्ष नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी ३ सेकंदांत ५० मीटर जाते. संदेश वाचणारा तेवढे अंतर आंधळेपणाने कापतो. पंचशीलातील पाचवे शील मद्यापुरते मानून आपण मोकळे होतो. त्यात 'पमाद' हा शब्दही आहे, आणि त्याचा अर्थ बेसावधपणा.

४ एप्रिल २०२५ रोजी आपल्या वसमत तालुक्यातील गुंजच्या शेतमजूर स्त्रियांची ट्रॅक्टर-ट्रॉली नांदेडजवळ आलेगाव येथे विहिरीत कोसळली. सात जणी गेल्या. त्या अपघाताच्या कारणांत आम्ही शिरत नाही. मागे बसलेल्याच्या हाती काहीच नसते, एवढेच त्यातून मनात राहते.

२०१९च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना मोबाइल हाताळणे हे धोकादायक वाहनचालन ठरले असून पहिल्याच गुन्ह्यास पाच हजारांपर्यंत दंड वा कैदही होऊ शकते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास पालक वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तरीही दहावीच्या निकालासरशी मोटारसायकल देणारे पालक आमच्या परिचयाचे आहेत. मुलगा रस्त्यावर आहे हे ठाऊक असून "कुठवर आलास?" म्हणून दर दहा मिनिटांनी फोन करणारेही आपणच.

यंदा दीक्षाभूमीस आणि चैत्यभूमीस निघणाऱ्या गाड्यांत चालकाचा फोन शेजारी बसणाऱ्याने आपल्याकडे ठेवावा, आणि घरच्यांनी त्याच्याशीच बोलावे.