अकरा की एकोणीस?

अंबरनाथहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सीट हवी असेल तर आधी उलटं बदलापूरला जायचं आणि तिथून बसून यायचं. तेवढा वेळ नसेल तर मग लेडीज डब्यात एक हात वरच्या कडीला, सॅक पोटावर, आणि दुसऱ्या हातात नाकापासून वीतभर अंतरावर फोन. तीन वर्षं मी माझे सगळे मेल असेच वाचलेत. परीक्षेचा फॉर्म, फीची आठवण, इंटर्नशिपसाठी आलेले नकार, सगळं विठ्ठलवाडी ते ठाण्याच्या दरम्यान.

गेल्या वर्षी एका संस्थेचा मेल आला. इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. मेल चक्क मराठीत होता, याचंच मला कौतुक वाटलं. वर मोठा रंगीत लोगो, आणि सगळ्यात खाली फिकट करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तारीख आणि वेळ. मी वाचली १९. कॅलेंडरमध्ये टाकली, घरी सांगितली, कुठला कुर्ता घालायचा तेही ठरवलं. १२ तारखेला पत्ता नीट बघावा म्हणून तोच मेल लॅपटॉपवर उघडला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, ११.

फोन केला. पलीकडच्या ताई अगदी प्रेमाने बोलल्या, पण जागा भरली होती.

आता मराठी १ आणि मराठी ९ शेजारी शेजारी लिहून बघा. फरक आहे तो एका बारीक वळणाचा. मोठ्या अक्षरात तो दिसतो, छोट्यात गायब होतो. घ आणि ध, भ आणि म, ष्ट आणि ष्ठ यांचंही तेच. शब्द असेल तर पुढच्या-मागच्या अक्षरांवरून आपण अंदाज बांधतो. ‘घर’च्या जागी ‘धर’ दिसलं तरी डोकं ते दुरुस्त करून घेतं. आकड्याला असा आधार नसतो. ११ पण खरी वाटते आणि १९ पण.

चूक माझीच, मान्य. झूम करून बघता आलं असतं. पण मी का बघितलं नाही, याचा नंतर विचार केला तेव्हा जे उत्तर सापडलं ते फार काही भूषणावह नव्हतं. आमच्या घरी बाबांचा फोन हा चेष्टेचा विषय आहे. अक्षरं इतकी मोठी, की एका स्क्रीनवर ‘प्रिय ग्राहक’ एवढंच मावतं. तुमचं बँक बॅलन्स समोरच्या प्लॅटफॉर्मवरून वाचता येतं, असं मी त्यांना म्हणायचे. वाचायच्या चष्म्याला आपल्याकडे नावच ‘चाळिशी’ आहे. वय आणि चष्मा एकाच शब्दात! म्हणून मोठं अक्षर म्हणजे म्हातारं, हे आपल्या डोक्यात फिट बसलंय. माझ्या वर्गातल्या कुणाच्याही फोनवर फॉन्ट मोठा केलेला नाही. उलट छोटा केलेले पाच-सहा जण आहेत, एका स्क्रीनवर जास्त मावतं म्हणून. दिसत नसलं तरी ‘अगं मला काय चाळिशी लागलीय का?’ असं म्हणत डोळे बारीक करायचे. हलत्या गाडीत, धक्के खात, उन्हाची तिरीप स्क्रीनवर पडलेली असताना बावीस वर्षांचे डोळेही बावीस वर्षांचे राहत नाहीत, हे कुणी लक्षात घेत नाही. (मोठ्या अक्षरांनी चष्म्याचा नंबर जातो असला काही दावा मी करत नाहीये. तारीख नीट दिसते, एवढंच.)

याबाबतीत मला सगळ्यात हुशार माणूस भेटला तो उल्हासनगरमध्ये, कॅम्प नंबर चारला. मैत्रिणीच्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान आहे. अंकलना सप्लायरचे मेल येतात, भाव आणि मीटरचे आकडे असलेले. अंकल काय करतात, तर मेलचा स्क्रीनशॉट काढतात, गॅलरीत जातात आणि तिथे दोन बोटांनी तो ताणून मोठा करतात. ‘बेटा, मेलवाल्यांना मोठं लिहायला येत नाही, मग काय करणार?’ आम्ही दोघी हसलो होतो. नंतर कळलं, की अंकलची तक्रार बरोबर जागी होती.

कारण बारीक अक्षर हा फक्त आपल्या सेटिंगचा प्रश्न नाही. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये फॉन्टचा आकार वाढवला, की इनबॉक्सची यादी मोठी होते, साधे लिहिलेले मेलही मोठे होतात. सजवलेले मेल मात्र हट्टी असतात. ते पाठवणाऱ्याने कम्प्युटरच्या रुंद स्क्रीनसाठी बनवलेले असतात, आणि फोन ती अख्खी रुंदी आपल्या अरुंद पडद्यात कोंबतो. चौकट मावते, अक्षर चिरडतं. अँड्रॉइडवरच्या जीमेलच्या जनरल सेटिंग्जमध्ये ‘ऑटो-फिट मेसेजेस’ नावाचा एक पर्याय आहे, तो हेच कोंबण्याचं काम करतो. तो बंद केला तर अक्षर मोठं राहतं, पण ओळ पूर्ण वाचायला बोटाने डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. कडी धरलेल्या हाताने ते जमत नाही. म्हणजे दोन्हीकडून आपलंच मरण.

लॅपटॉपवर आणखी एक फसगत होते, आणि ती माझ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींची झालीय. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट टेक्स्ट स्टाइल’ दिसतं. तिथे आकार ‘लार्ज’ करायचा आणि वाट बघायची. काहीच होत नाही! ते सेटिंग आपण जे लिहितो त्याच्यासाठी आहे, आलेल्या मेलसाठी नाही. वाचायचं असेल तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबायचं, म्हणजे ब्राउझरच झूम करायचा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टचा किमान आकारही ठरवून ठेवता येतो.

पण खरी मजा झाली ती इथे, या ऑफिसात. आमच्या डेस्कवरच्या एक मॅडम मुरबाड, शहापूर, बदलापूरहून वार्ताहरांनी पाठवलेल्या बातम्या थंडरबर्डमध्ये वाचतात. चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला. मी इंटर्न असल्यामुळे ‘कम्प्युटरचं जरा बघ गं’ हे माझ्याकडे येतं. मी सेटिंग्जमध्ये जाऊन फॉन्टचा आकार वाढवला आणि ऐटीत म्हटलं, झालं मॅडम. पुढचा मेल उघडला, तर मराठी मजकूर होता तस्साच, खसखशीएवढा. मॅडम म्हणाल्या, ‘इंग्रजीचं भलं झालं, आमचं काय?’

अर्धा तास शोधल्यावर कळलं. ‘फॉन्ट्स अँड कलर्स’मधल्या ‘अॅडव्हान्स्ड’ या बटणामागे वर एक छोटी यादी आहे, कुठल्या लिपीसाठी ते विचारणारी. लॅटिनचा आकार वेगळा, देवनागरीचा वेगळा, आणि बाकी सगळ्यांसाठी ‘अदर रायटिंग सिस्टिम्स’ असा तिसराच कप्पा. प्रत्येकाचा किमान आकारही वेगळा. मेल कुठल्या कप्प्यात जाऊन पडेल हे त्याच्या एन्कोडिंगवर ठरतं, त्यामुळे मी तिन्हीकडचे आकडे वाढवले. तेव्हा कुठे मराठी अक्षर उठून बसलं. मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, परत वर केला, आणि मला कटिंग पाजला.

त्यानंतर मी फॉन्टच्या नादाला लागले. मराठीच छोटी का दिसते? एक कारण लिपीतच आहे. आपल्याला शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार लागतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. हे सगळं ठरलेल्या उंचीत बसवायचं म्हणजे मधल्या अक्षराला अंग चोरून बसावं लागतं, आपल्या फोर्थ सीटसारखं. म्हणून ज्या आकड्यावर इंग्रजी आरामात वाचता येतं, त्याच आकड्यावर मराठी कुरकुरते. हे सोडवायला मोठमोठ्या माणसांनी आयुष्य घातलंय. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी केलेला, जे आयआयटी मुंबईत शिकवायचे. स्क्रीनवर देवनागरी दिसावी म्हणून केलेलं ते काम होतं. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ तर फुकट मिळतो. म्हणजे चांगली अक्षरं आहेत. ती दिसतील अशी पाठवायची कोणी, हा प्रश्न आहे.

आणि इथे माझा राग आहे. तो फोनवर नाही, पाठवणाऱ्यांवर आहे. यात कॉलेजच्या फेस्टचे आयोजक म्हणजे आपणही आलो. मराठी नोटीस म्हटली की ती हमखास फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ म्हणून येते. याला इतिहास आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांचा सडा व्हायचा. म्हणून लोक घाबरून चित्रच पाठवायला लागले. युनिकोड येऊन कितीतरी वर्षं झाली, भीतीचं कारण गेलं, सवय उरली. चित्रातलं अक्षर तुम्ही ताणू शकता, पण ओळ मोडून खाली येत नाही, फोनचं फॉन्ट सेटिंग त्याला लागू होत नाही, आणि जास्त ताणलं की फुटतं. ११ होते की १९, ते मग देवालाच माहीत.

बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. तिथे दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. १७ एप्रिल २०२१ ला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत्या गाडीपुढून एका लहान मुलाला उचललं, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्या मुलाच्या आईला दिसत नव्हतं. तेच वांगणी. तिथले लोक फोन ऐकून वापरतात. मेलमध्ये अक्षरं असतील तर फोन ती वाचून दाखवतो. चित्र असेल तर बहुतेक वेळा ‘इमेज’ म्हणून पुढे जातो. आपल्याला जी नोटीस बारीक दिसते, ती त्यांच्यासाठी कोरी असते.

बिस्किटाच्या पुड्यावरच्या किमतीचे आणि वजनाचे आकडे किमान किती मिलीमीटर उंच असावेत, हे आपल्याकडे कायद्याने ठरलंय, २०११ च्या पॅकेज्ड कमॉडिटीज नियमांत. पाच रुपयांच्या पुड्याला जी प्रतिष्ठा आहे ती इंटरव्ह्यूच्या तारखेला असू नये? वेबसाठीचे जगभर मानले जाणारे निकष सांगतात, की अक्षर दुप्पट मोठं केलं तरी मजकूर तुटता कामा नये, आणि अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढं प्रमाण हवं. फिकट करड्यावाले इथेच नापास होतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. प्रकरण केवायसीचं होतं, पण इनबॉक्स त्याच्यापासून फार लांब नाही.

आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख आहे. तो वाचायला तज्ज्ञ लागतात, ते समजू शकतं. दगड आहे, हजार वर्षांचा आहे. कालच्या मेलला तज्ज्ञ का लागावेत?

तर मी काय केलं? फेस्टच्या ग्रुपवर भांडून एक गोष्ट मान्य करून घेतली. पोस्टर हवं तेवढं सजवा, पण तारीख, वेळ, जागा हे तीन शब्द मेलमध्ये टाइप करून लिहायचे, काळ्या अक्षरात, सगळ्यात वर. आणि तारखेपुढे वार लिहायचा. वार लिहिला असता तर माझी १९ तेव्हाच पकडली गेली असती. एक जण म्हणाला, डिझाइन बिघडतं. बिघडू दे.

आणि स्वतःच्या फोनचा फॉन्ट दोन पायऱ्या वाढवला. बाबांनी बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसत हसले. ते मला जास्त लागलं.

याचे तोटे आहेत, लपवत नाही. परवा लोकलमध्ये एका वर्कशॉपचा मेल वाचत उभी होते. मागून अनोळखी काकूंचा आवाज आला, ‘रविवारी बोलावलंय होय? मेगाब्लॉक बघून निघ गं.’